आठ पावलांची सावली

“सांगा आबा, किती वाजले?”

मी मनगट पाठीमागे लपवून विचारलं. हा आमचा लहानपणापासूनचा खेळ. फरक एवढाच, की लहानपणी खरंखोटं करायला शाळेची घंटा होती आणि आता माझ्या हातात पहिल्या पगारातून घेतलेलं घड्याळ होतं. मास्तर होऊन वर्षसुद्धा झालं नव्हतं. होळीला घरी आलो होतो आणि दिवसातून दहा वेळा बाही वर सारत होतो.

आबांनी सूर्याकडे पाहिलं नाही. ते कधीच पाहत नसत. बाभळीच्या आडून ते आले, पाटाचं लाकडी दार फिरवून वरच्या फडाचं पाणी मधल्या फडाकडे वळवलं आणि म्हणाले, “साडेनऊ. आठ पावलं भरनात.”

मी हात पुढे केला. दहाला पाच कमी.

“तुनं घड्याळ पुढे पयस,” आबा म्हणाले. माझं घड्याळ पुढे पळतं म्हणे! मी हसलो. आबाही हसले, पण हसताना त्यांनी पाय धोतराखाली ओढून घेतले. ते मला दिसलं होतं. दिसलं आणि मी सोडून दिलं.

आमच्या खानदेशातल्या गावाला नदीवरच्या जुन्या बंधाऱ्याचं पाणी होतं. एक पाट आणि त्यावर तीन फड, म्हणजे शेतांचे तीन सलग पट्टे. पाणी वाटायचं काम पाटकऱ्याचं आणि आमच्या घरात ते तीन पिढ्यांचं. गावाला आबांचं नाव झुलाल आहे हे कागदोपत्रीच ठाऊक. एरवी सगळे पाटकरीच म्हणत. पाटकऱ्यानं पाळी मोजायची ती स्वतःच्या सावलीवर. उन्हाकडे पाठ करून ताठ उभं राहायचं, सावलीचं डोकं जिथं पडेल ती जागा नजरेत धरायची आणि अनवाणी पायानं, अंगठ्याला टाच भिडवत तिथवर चालत जायचं. महिन्यागणिक पावलं ठरलेली. फाल्गुनात आठ. सकाळी सावली आखडत आठांवर आली की वरच्या फडाची पाळी संपून मधल्याची सुरू. दुपारी ती लांबत पुन्हा आठांवर गेली की मधल्याची संपून खालच्याची सुरू. “उंच मानूसनी सावली लांब, तसा त्याना पाय बी लांब,” आबा मला सांगायचे. म्हणजे कुणीही मोजा, उत्तर तेच. देवानं प्रत्येकाला घड्याळ देऊनच पाठवलंय, असं त्यांचं म्हणणं.

ऊन नसेल त्या दिवशी त्यांची दुसरी घड्याळं असत. म्हशी रवंथ थांबवून उठल्या की अमुक वाजले, परसातली गुलबाक्षी उमलली की तमुक. धुळ्याची एसटी मात्र ते मानत नसत. ती कधीही येते म्हणायचे.

दुपारी ग्रामपंचायतीच्या रेडिओवर बातम्या लागल्या तेव्हा मी घड्याळ ताडून पाहिलं. बरोबर होतं. मग पाटावर जाऊन बसलो. आबांनी मधल्या फडाचं पाणी तोडलं तेव्हा तीन पंचवीस झाले होते. तोडायला हवं होतं पावणेचारला, फाल्गुनात आठ पावलं तेव्हाच भरत. मास्तरकी अंगात भिनलेली, लगेच मनात गणित मांडलं. सकाळी पंचवीस मिनिटं उशीर, दुपारी वीस मिनिटं घाई. मधल्या फडाचा रोज पाऊण तास बुडत होता.

कारणही मीच शोधून काढलं. पूर्वी आबा भर बांधावर, चारचौघांदेखत पावलं टाकायचे. आता बाभळीआड जात, आणि तेही पायांना घोट्यापर्यंत फडकी गुंडाळून. धाकटी बहीण कोकिळा म्हणाली होती की टाचांना भेगा पडल्यात. म्हणजे म्हातारा पाय दुखतात म्हणून मोजतच नाही, अंदाजानं दार फिरवतो, असं मी ठरवून टाकलं. मला त्यांची दया आली. थोडं हसूही आलं.

त्याच दिवशी दिवेलागणीला चावडीवर बोलावणं आलं.

मधल्या फडातल्या उखा पाटलांचा ऊस कोमेजत होता. महिनाभर ते धुसफुसत होते, आज फुटले. “पाटकरी पानी चोरस!” ते सरळ म्हणाले. “मनं पानी तोडीसन खालना फडले देस. काबर देस? खालना फडमा याना याहीनं वावर शे, म्हनीसन.”

यातली याही, म्हणजे व्याही, ही गोष्ट खरी होती. शेजारच्या गावच्या सोनजी अण्णांच्या मुलाशी कोकिळेचं लग्न ठरलं होतं, वैशाखातली तिथी धरली होती, आणि अण्णांचं शेत आमच्या खालच्या फडात होतं. अण्णाही चावडीवर आले होते. खाली मान घालून काडीनं माती उकरत बसले होते.

गावचे वडीलधारे धनराजबाप्पा. ते आबांकडे वळून हळू म्हणाले, “झुलाल, तू सांग. तीस वरीसमा तुना शब्दले कोन्ही बोट लावं नई.”

आबा उठले. हात जोडले आणि म्हणाले, “चुकनं व्हई मनं. मी काम सोडस.”

 नाही म्हणतील, चिडतील, उखा पाटलांच्या अंगावर जातील, अशी सगळ्यांची अपेक्षा. खुद्द पाटीलही गोंधळले. माझ्या मात्र नाकाला मिरच्या झोंबल्या. काम सोडलं म्हणजे चोरी कबूल केली, आणि ती सोनजी अण्णांच्या देखत! मी उभा राहिलो. मनगटावरचं घड्याळ सोडून सगळ्यांना दिसेल असं धरलं.

“आबांनी चोरी केलेली नाही,” मी म्हणालो. शिकल्यापासून चावडीवर मी शाळेतली मराठी बोलत असे. “पाय दुखतात म्हणून ते हल्ली नीट मोजत नाहीत, एवढंच. उद्या सकाळी सगळ्यांनी बांधावर या. आबा तुमच्यासमोर पावलं टाकतील, मी घड्याळ धरीन. साडेनऊला आठ पावलं भरली नाहीत, तर मीच तुमच्या पाया पडेन.”

“आते खरं बोलना!” उखा पाटील म्हणाले. अण्णांनी मान वर केली. त्यांना सुटल्यासारखं वाटलेलं दिसत होतं. मी आबांकडे वळलो. शाबासकी हवी होती मला. आबा माझ्याकडे बघत होते, पण त्या नजरेचा अर्थ लावायची मला फुरसत नव्हती.

घरी आबा जेवले नाहीत. चुलीपाशी बसून म्हणाले, “सुका, तू सकायनी गाडीमा निंघी जाय. मी त्यासले सांगसू, पोर्‍याले काम निंघनं.”

“का? मी का पळू?”

“चोर म्हनू दे रे माले,” ते म्हणाले. “चोरनी आंडेरनं लगीन व्हई जास.”

चोराच्या पोरीचं लग्न होऊन जातं. म्हणजे कुणाच्या पोरीचं होत नाही, हे मी विचारायला हवं होतं. मी भाषण दिलं. मान, इज्जत, तीन पिढ्यांचं नाव. बावीस वर्षांचा होतो आणि बापाला इज्जत शिकवत होतो. कोकिळा भाकऱ्या थापायची थांबली. पिठाच्या हातानं तिनं माझं मनगट धरलं, घड्याळाच्या काचेला पीठ लागलं. “भाऊ, मन्ही आन शे तुले. उद्या बांधवर जाऊ नको,” ती म्हणाली. मी काच पुसली आणि तिला वेडी म्हणालो.

मला सरळ सांगितलं असतं तर? हे मी तिला खूप वर्षांनी विचारलं. ती म्हणाली, “आबा म्हनेत, त्याले समजनं तर तो परत घर येवाव नई.”

सकाळी बांधावर शंभरेक माणसं जमली होती. बायका पाटावर हंडे ठेवून उभ्या होत्या. ऊन स्वच्छ, ढगाचा ठिपका नाही. आबा आले, मागून कोकिळा आली. त्यांनी धुतलेलं धोतर नेसलं होतं. पायांना नेहमीची फडकी, त्यावर नवी चिंधी आवळून बांधलेली. ते उन्हाकडे पाठ करून उभे राहिले. सावली पांढऱ्या मातीवर लख्ख पडली. आबांनी मनात काय योजलं होतं कोण जाणे. बहुधा फडक्यांसकट पावलं टाकायची आणि पाय उघडे पडू न देता वेळ मारून न्यायची.

“फडकं सोड,” उखा पाटील ओरडले. “पाटवर पायमा काही घालीसन कोन्ही मोजस का?”

ते खोटं नव्हतं. अनवाणी मोजायचं हा पाटाचा नियम. आबा हलले नाहीत.

“भेगा पडल्यात त्यांना,” मी म्हणालो. “थांबा, मी सोडतो.”

मी पुढे गेलो आणि त्यांच्या पायाशी गुडघे टेकले. माझ्या डोक्यावर त्यांचा हात आला. “राहू दे रे, सुका,” ते पुटपुटले. फक्त मला ऐकू आलं. मी चिंधीची गाठ सोडली. फडक्याचे वेढे उलगडत गेलो. उजवा पाय, मग डावा.

बोटं नव्हती. करंगळीच्या जागी काही नव्हतं, तिच्या शेजारीही नव्हतं, अंगठ्याचा नुसता बुंधा उरला होता. पाय चवड्यापाशीच संपत होता. उजव्याच्या तळव्याला जखम होती, रुपयाएवढी, आणि तिच्यात बाभळीचा काटा मोडून रुतलेला होता. तो काटा त्यांना कळलासुद्धा नव्हता. हातातलं फडकं टाकून मी मागे सरकलो. होय, सगळ्यांत आधी मीच सरकलो.

 काय करावं सुचेना म्हणून मी घड्याळात पाहिलं. नऊ वाजून एकतीस मिनिटं.

आणि आबांनी मोजायला सुरुवात केली. सगळं उघडं पडल्यावर कशाला मोजायचं? पण मी चावडीवर शब्द दिला होता ना. एक, दोन, असं मोठ्यानं म्हणत, तोल सावरत, त्या तोकड्या पायांना टाच भिडवत ते स्वतःच्या सावलीवरून चालत गेले. आठ झाली तरी डोकं पुढेच होतं. नऊ. मग अर्धं. तिथं ते थांबले आणि माझ्याकडे वळून म्हणाले, “साडेनऊ पावलं. तुनं घड्याळ बरोबर शे.”

चोरी झालीच नव्हती. पाणी प्रामाणिक होतं, मोजणाराही प्रामाणिक होता, फक्त माप झिजत गेलं होतं. त्यांना ते ठाऊक होतं की नव्हतं, हे मला आजवर कळलेलं नाही. बोटं गेली हे माहीत होतं, पण आठ पावलांचा त्यांच्यावर इतका विश्वास होता की बोटांबरोबर वेळही जाते, हे त्यांच्या मनात आलं नसावं.

“महारोग!” मागून एका बाईनं म्हटलं आणि हंडा पाटात ओतून दिला. मग सगळ्याच ओतू लागल्या. या पाण्यातून तो रोज चालत होता, हे एकेकाच्या ध्यानात यायला लागलं तशी गर्दी मागे हटत गेली. उखा पाटलांचा चेहरा पडला होता. त्यांना चोर हवा होता, हे नको होतं. सोनजी अण्णा तडक बैलगाडीकडे गेले. कोकिळा तेवढी पुढे आली, मातीतलं फडकं उचललं आणि आबांच्या पायाशी बसून पुन्हा गुंडाळू लागली. तिचे हात सराईतासारखे चालत होते. तेव्हा कळलं, हे काम ती रोज करत होती.

तिसऱ्या दिवशी सोनजी अण्णांनी कुंकवाची साडी परत मागवली, लग्न मोडलं. पाचव्या दिवशी पंच आमच्या दाराबाहेर, अंगणाच्या कडेला उभे राहिले. धनराजबाप्पा रडत होते, तरी बोलले. आबांनी गावात राहू नये. आणि जाताना दुसरा एक पंच म्हणाला, पाळ्या मोजायची अडचण झाली आहे, मास्तर, घड्याळ गावाला द्याल का? मी मनगटावरून काढून दिलं. ते बाभळीला खिळा ठोकून टांगलं होतं म्हणतात. मी पाहायला गेलो नाही.

आबांना मी धुळ्यापलीकडे, दूरच्या एका कुष्ठरोग्यांच्या वसाहतीत पोचवलं. कोकिळेला माझ्या नोकरीच्या गावी घेऊन आलो. तिचं पुढे कुठं जमलं नाही, जमवायला गेलो तिथं आमच्याआधी बातमी पोचलेली असे. माझं मात्र दोन वर्षांत लग्न झालं. सासुरवाडीला मी सांगितलं होतं की वडील वारले. कोकिळा माझ्या घरात एकतीस वर्षं राहिली, माझी मुलं तिनं मोठी केली. भिंतीवर घड्याळ होतं, माझ्या हातात होतं. एवढ्या वर्षांत तिनं मला एकदाही किती वाजले असं विचारलं नाही.

लग्नानंतरच्या मार्गशीर्षात मी आबांना भेटायला गेलो. तोवर वर्षातून एकदा जात होतो, या खेपेला घरी बायकोला इन्स्पेक्शनचं निमित्त सांगून निघालो. त्या वेळी वसाहतीच्या डॉक्टरांनी मला खोलीत बोलावलं.

“तुमच्या वडिलांचा रोग आता संपलाय,” ते म्हणाले. “झालेलं नुकसान भरून येणार नाही, जखमा जपाव्या लागतील. पण त्यांच्यापासून कुणाला काही व्हायचं नाही. घरी घेऊन जा.”

“त्यांना सांगितलंत?”

“नाही. म्हटलं, मुलानं सांगितलेलं बरं. आनंद होईल त्यांना.”

मी बरं म्हणालो. बाहेर आलो तर आबा कडुलिंबाखाली बाकावर बसले होते. पाय आणखी आखडले होते, जुन्या टायरच्या चपला पट्ट्यांनी बांधलेल्या. मला पाहून त्यांचा चेहरा उजळला. कोकी कशी आहे, विचारलं. माझं कसं चाललंय, विचारलं. शाळेत किती मुलं आहेत, पाऊस कसा झाला. माझ्या घरात कोण कोण आहे हे त्यांनी विचारलं नाही. गळ्यातली सोन्याची साखळी आणि बोटातली अंगठी दोन्ही सासऱ्यांनी घातलेल्या होत्या, आणि आबांना डोळे होते.

मी दोनदा तोंड उघडलं. आबा, डॉक्टर म्हणत होते... एवढं म्हणायचं होतं. दोन्ही वेळा बायकोचा चेहरा आठवला, सासऱ्यांचा आठवला, आणि मी पाण्याचा तांब्या उचलून घोट घेतला.

“डॉक्टर काय म्हने?” शेवटी त्यांनीच विचारलं.

“काही नाही. जखमा जपायला सांगितल्यात.”

“हां,” आबा म्हणाले.

मग ते काठी टेकत उठले आणि उन्हात गेले. चपला काढल्या. सूर्याकडे पाठ करून उभे राहिले, सावलीचं डोकं नजरेत धरलं आणि काठीच्या आधारानं पावलं टाकत गेले, ओठ हलवत. मी बाकावरून बघत होतो.

“सोळा भरनात,” ते म्हणाले. “चार वाजी गयात. निंघ आते. सव्वाचारनी यष्टी चुकी जाई.”

मी घड्याळात पाहिलं. तीन वाजून पंचवीस मिनिटं. एसटीला पाऊण तासाहून जास्त वेळ होता, आणि थांबा फाटकाच्या समोरच होता.

“हो,” मी म्हणालो. “निघायला हवं.”

पाया पडलो नाही. वाकलो, पण हात त्यांच्या पायांपर्यंत गेला नाही, आणि त्यांनीही पाय मागे घेतले. पिशवी उचलून मी फाटकाबाहेर आलो आणि रस्त्यापलीकडे थांब्यावरच्या दगडावर बसलो.

तिथून कडुलिंब दिसत होता. मी दगडावर बसलोय हे त्यांनाही दिसत असणार. त्यांनी हाक मारली नाही. मीही उठून परत गेलो नाही. फाटक मोजून वीस पावलांवर होतं. पाऊण तास मी तिथं बसून होतो, आणि तो सगळा वेळ आबा उन्हात उभे राहून पुन्हा पुन्हा आपली सावली मोजत होते. कुठं चुकलं ते शोधत असावेत. चार वाजले, चार दहा झाले, एसटी आली आणि मी चढलो.

फाल्गुनात वसाहतीतून पत्र आलं. ते मी शाळेतच वाचलं आणि शाळेतच फाडलं. शाळा सुटायच्या आधीच घरी आलो तेव्हा कोकिळा अंगणात उन्हाकडे पाठ करून उभी होती. माझ्याकडे न पाहता तिनं विचारलं, “आबा गयात ना?”

मी मान हलवली. तिनं खाली पाहिलं, अंगणातल्या आपल्या सावलीकडे, आणि घरात जाऊन चूल पेटवली.